दीड किलोचा सा

मावशीने लाल दिवा लावला तो गुरुवारी संध्याकाळी, राज्य निवड चाचणीला अवघे तीन दिवस उरलेले असताना.

मावशी म्हणजे कुणी बाई नव्हे. मिरजेच्या किल्ला भागातल्या बॅडमिंटन हॉलमध्ये सरावाआधी मुलं एक पातळ, बिनबाह्यांची बंडी अंगात चढवायची. तिच्या खांद्यांवर मसूरडाळीएवढ्या चाळीस टिकल्या विणलेल्या होत्या. कागदोपत्री तिचं नाव होतं 'स्कंधमापक, नमुना चौथा'. पण 'आता पुरे', 'आज उडी नको', 'डावा हातही हलव जरा' असं ती सदोदित बजावत राहायची, म्हणून पोरांनी तिला मावशी करून टाकलं आणि तेच नाव टिकलं. खांद्यावर एक बारका दिवा असायचा. हिरवा असला तर खेळा, पिवळा असला तर बेताने खेळा, आणि लाल असला तर सहा आठवडे डोक्यावरून एकही फटका मारायचा नाही. सतरा वर्षांखालच्या खेळाडूंना हा नियम लागू होऊन आता चार वर्षं झाली होती.

दिवा लागला होता माहिराच्या उजव्या खांद्यावर. माहिरा पंधरा वर्षांची, जिल्ह्यात पहिली, आणि तोंडापेक्षा रॅकेटने जास्त बोलणारी. तिला न्यायला आलेला तिचा बाप दस्तगीर बाकावरून उठून कोर्टाच्या कडेला आला.

"मॅडम, यंत्र बिघडलंय," तो म्हणाला.

"दुसरी बंडी घालूनही बघितलं, दस्तगीरभाई. तेच येतंय." प्रशिक्षक ऋतुजा आवटींनी हातातला पडदा त्याच्याकडे वळवला. "हात आत वळवताना डाव्यापेक्षा उजवा बावीस अंश कमी वळतोय. त्यातले नऊ अंश हाडाचे आहेत. ते लहानपणापासून खेळल्यामुळे, त्याची काळजी नाही. उरलेले तेरा सांध्याच्या मागच्या बाजूला आवरण आवळत गेल्यामुळे. आणि ते सगळे जूननंतरचे आहेत."

"मग जूनपासून तुम्ही जास्त खेळवलं असेल."

"फटके मोजलेले आहेत. एकही वाढलेला नाही." आवटी मॅडमनी पडद्यावरचा दुसरा आकडा दाखवला. "पण प्रत्येक स्मॅशला हिचा खांदा पूर्वीपेक्षा आठव्या हिश्शाने जास्त जोर लावतोय. शटल मात्र पूर्वीच्याच वेगाने जातंय. जास्तीचा जोर जिरतोय कुठे, ते मला कळत नाही. माहिरा, खरं सांग. दुसरीकडे कुठे खेळायला जातेस का तू?"

"नाही, मॅडम."

"मी रागावणार नाही. थकलेला खांदाच असा वागतो, म्हणून विचारते."

माहिराने मान खाली घातली. तिची हनुवटी थरथरताना दस्तगीरने पाहिली आणि त्याचा तोल सुटला.

"माझी पोरगी खोटं बोलत नाही," तो म्हणाला. "तीस वर्षं मी कानाने ताण जोखतोय, मॅडम. माझ्या कानाला कधी दिवा लावावा लागला नाही. तुम्ही मात्र डोळे मिटून या बंडीचं ऐका."

हॉलमधली चार पोरं खेळायची थांबून बघू लागली. आवटी मॅडमनी पडदा बंद केला. बापलेक बाहेर पडले तेव्हा माहिराच्या पिशवीत तिची बंडी होती. प्रत्येकाने आपली बंडी घरी धुवायला न्यायची, असा तिथला शिरस्ता होता.

*

दस्तगीर तंबोरे करायचा. त्याचा बाप करायचा, आजा करायचा, आणि आजाच्या आधी कोण काय करायचं ते सांगायला कुणी उरलं नव्हतं. मंगळवेढ्याकडून येणारे भोपळे आताशा पूर्वीसारखे जाड सालीचे मिळत नसत, तरी त्यातल्या त्यात चांगले निवडून तो वर्षाला पंचवीसेक वाद्यं घडवायचा. तंबोरे घडवणाऱ्यांच्या त्या गल्लीत रॅकेट घेऊन फिरणारी पोरगी म्हणजे पहिली दोन वर्षं चेष्टेचा विषय होता. मग माहिरा जिंकू लागली आणि तेच चेष्टा करणारे 'आमच्या गल्लीची पोरगी' म्हणू लागले.

तिच्या रॅकेटचं गटिंग, म्हणजे गट नावाची दोरी ताणून जाळी विणायचं काम, दस्तगीर स्वतः करायचा. हॉलमध्ये त्यासाठी आकडे दाखवणारं यंत्र होतं आणि बाकीची पोरं त्यावरच करून घ्यायची. पण तंबोऱ्याच्या तारा लावणाऱ्याने मुलीची रॅकेट दुसऱ्याकडे द्यायची म्हणजे हलवायाच्या पोराने बाजारातून पेढे आणण्यासारखं झालं. त्याने जुन्या खुंट्यांचा आणि एका पकडीचा जुगाड केला होता. गट ओढायचा, बोटाने छेडायचा, आणि ठरलेला सा लागला की गाठ मारायची. गेली चार वर्षं माहिराची रॅकेट त्याच सुरात वाजत होती.

त्याच्या घरात आजापासून चालत आलेला एक रिवाज होता. तंबोऱ्याचा भोपळा बंद करण्याआधी आतल्या बाजूला पेन्सिलीने एक नाव लिहायचं. घडवणाऱ्याचं नाही, ज्याने त्या कामातली चूक दाखवली त्याचं. 'चूक दाखवणाऱ्याचं देणं तसंच ठेवू नये,' असं आजा म्हणायचा. घेणाऱ्याला ते नाव कधी दिसत नसे. दस्तगीरने आजवर बापाचं नाव लिहिलं होतं, एका गवईबाईंचं लिहिलं होतं, आणि एकदा बायकोचं, रेहानाचं, कारण तबलीचा, भोपळ्यावरच्या लाकडी झाकणाचा, रंग दोन जागी वेगळा लागलाय हे तिने भाजी निवडता निवडता सांगितलं होतं. ज्या वाद्यात कुणी चूक काढली नाही, त्याचा भोपळा कोराच बंद व्हायचा. अलीकडे बरेच भोपळे कोरे बंद होत होते, आणि त्याचा त्याला थोडा अभिमानही होता.

*

शुक्रवारी शाळेतून आल्यावर माहिरा कारखान्यात शिरली. कारखाना म्हणजे घराच्या पुढच्या दोन खोल्या. दस्तगीर एका दांडीला पॉलिश करत होता.

"अब्बा, मावशी कसं मोजते ते तुम्हाला ठाऊक आहे ना?"

ठाऊक होतं. किंबहुना पालकांच्या पहिल्या सभेत हे समजावून सांगितलं तेव्हा सगळ्यात आधी त्याच्याच डोक्यात शिरलं होतं. खांद्याचा सांधा म्हणजे बशीवर ठेवलेलं लिंबू. बशी उथळ, म्हणून लिंबू चहूकडे फिरतं, आणि म्हणूनच निसटायलाही बघतं. त्याला जागेवर धरतात ते भोवतालचे स्नायू आणि आवरण. स्मॅश मारताना पुढचे स्नायू हात फेकतात आणि मागचे लहान स्नायू तो थांबवतात. रोज शेकडो वेळा फेकून फेकून पुढचे दांडगे होतात, मागचे बिचारे ब्रेक लावून लावून थकतात, आणि मागचं आवरण जाड होऊन आवळत जातं. मग लिंबू बशीत नीट मधोमध बसेनासं होतं, बशीची कड घासते आणि एके दिवशी फाटते.

पूर्वी हे कळायचं ते फाटल्यावर. मावशी आधी सांगायची. तिची एक टिकली कातडीला जाणवणारही नाही इतका हलका धक्का द्यायची आणि दुसरी टिकली ती लाट केव्हा पोचते हे मोजायची. मऊ मांसातून लाट रमतगमत जाते, ताठरलेल्या मांसातून धावत सुटते. तारेचंही तेच. तार आवळली की लाट पळते आणि सूर चढतो. 'म्हणजे हे यंत्र खांदा छेडून बघतं,' असं दस्तगीर त्या सभेत म्हणाला होता, आणि आवटी मॅडम खूश होऊन म्हणाल्या होत्या की इतकं सोपं तर मलाही सांगता आलं नसतं.

"ठाऊक आहे. का?"

"तंबोऱ्याचा आवाज जास्त झाला की तुम्ही बनातीचा, त्या जाड लोकरी कापडाचा, तुकडा लावून तो मारता. तसं मावशीचं करता येईल?"

दस्तगीरचा हात थांबला.

"रविवारी फक्त दोन तासांचा प्रश्न आहे, अब्बा. सामन्याआधी दहा मिनिटं बघतात. तेवढ्यापुरता पिवळा लागला तरी चालतंय. मग मी सहा काय, दहा आठवडे बसते."

"दुखतंय का तुला?"

"नाही. जड लागतं. पण ते मी तुम्हाला जुलैतच सांगितलेलं."

सांगितलं होतं खरं. रॅकेट जड लागते, शटल मागच्या रेषेपर्यंत जात नाही, असं ती म्हणाली होती. त्याने रॅकेट घेऊन छेडली होती, सा बरोबर लागला होता, आणि 'रॅकेट जड नाही, तुझा हात आळशी झालाय' असं म्हणून तिच्या डोक्यावर टपली मारली होती. नंतर दोनदा तिने तेच सांगितलं आणि दोनदा त्याने पुन्हा छेडून दाखवलं. मग ती सांगेनाशी झाली.

"अब्बा, मॅडमना वाटतं मी खोटं बोलते," माहिरा म्हणाली. "रविवारी जिंकले की नाही वाटणार."

त्याने पॉलिशचा बोळा खाली ठेवला. हे चूक आहे हे त्याला कळत होतं. पण यंत्रापेक्षा आपला कान बरा हे त्याने चारचौघांत बोलून दाखवलं होतं, आणि बोललेलं खरं करून दाखवायची खुमखुमी वाईट. तो म्हणाला, "बंडी ठेवून जा. बघतो."

*

शनिवारी दुपारी नमाज झाल्यावर तो कामाला बसला. रेहाना माहेरी गेली होती आणि माहिरा आतल्या खोलीत वाचत पडली होती.

युक्ती तशी सोपी होती. धक्का देणाऱ्या टिकलीला हात लावायचा नाही. ऐकणाऱ्या टिकलीखाली बनातीचा पातळ थर ठेवायचा, म्हणजे लाट तिथपर्यंत उशिरा पोचेल आणि मावशीला वाटेल की मांस मऊ आहे. प्रश्न एवढाच की थर किती जाड हवा. फार जाड झाला तर मावशीला काहीच ऐकू जाणार नाही आणि ती बोंब मारेल. मुलीच्या खांद्यावर प्रयोग करायला त्याचं मन धजेना. तेव्हा काहीतरी दुसरं ताणून त्यावर बघायला हवं होतं. पोलादी तार फार चपळ. रॅकेटचा गट त्यातल्या त्यात मांसाच्या जवळचा.

त्याने कामाच्या फळीवर दोन घोड्या, तार उचलून धरणारे लाकडी तुकडे, मांडल्या. गटाचं एक टोक खुंटीला बांधलं, दुसरं कप्पीवरून खाली सोडून त्याला वजनं टांगायचा आकडा अडकवला. नव्या तारा पारखायची आजाची ही जुनी रीत होती. बाजारातली लोखंडी वजनं घरात होतीच. रिळात जुन्या गटाचा तुकडा उरला होता तो त्याने लावला आणि एकेक वजन चढवत गेला. बारा किलोंवर माहिराच्या रॅकेटचा सा लागला. बारा किलो म्हणजे पौंडांच्या हिशेबात सव्वीसच्या आसपास. हॉलमधल्या तिच्या वयाच्या मुली एवढ्यावरच खेळत. दस्तगीरला बरं वाटलं. चार वर्षं तो नुसत्या कानाने जे करत होता ते आकड्यालाही धरून होतं.

त्याने बंडीच्या टिकल्या गटाला टेकवल्या, फोनवर मावशीचे आकडे उघडले, बनात लावली, काढली, कातरली. तिसऱ्या वेळी कातर गटाला लागली आणि गट तुटून वजनं दाणकन खाली आली.

"काय पडलं, अब्बा?" आतून माहिराचा आवाज आला.

"काही नाही. वाच तू."

जुना गट संपला होता. त्याने कपाटातलं नवं रीळ काढलं. मे महिन्यापासून तो हाच वापरत होता. माहिराचा स्मॅश वाढला तसा जुना गट आठवड्याला तुटायला लागला होता, आणि ऐन सामन्यात तुटला तर पोरीची पंचाईत होईल म्हणून त्याने मुद्दाम अर्ध्या केसाने जास्त जाड, टिकाऊ गट आणला होता. तो त्याने फळीवर लावला, तेच बारा किलो अडकवले आणि सवयीने छेडला.

सा लागला नाही. नी लागला.

त्याने घोड्या पाहिल्या. अंतर तेवढंच होतं. वजनं पुन्हा मोजली. बारा. पुन्हा छेडला. नीच.

आता तारा लावणाऱ्या माणसाला यात नवल वाटायचं कारण नव्हतं. जाड तार जड असते. सारख्याच ताणावर ती खालचा सूर देते हे त्याला पाळण्यात असल्यापासून ठाऊक होतं. तंबोऱ्यावर जाड तार घातली की खुंटी आणखी पिळायची आणि सूर जागेवर आणायचा, यात विचार करण्यासारखं काय असतं? त्याने अर्धा किलो चढवला. नी जरा हलला. आणखी अर्धा. आणखी अर्धा. साडेतेरा किलोंवर सा आला, स्वच्छ, गोल, भिंतीवर टांगलेल्या माहिराच्या रॅकेटसारखाच.

दस्तगीर फळीपुढे बसून राहिला.

तंबोऱ्यात वाढलेला ताण लाकूड सोसतं. दांडी सोसते, तबली सोसते, आणि म्हणून घडवणारा फक्त सूर बघतो. रॅकेटचा ताण वाढला की जाळी ताठ होते, शटलला उसळी देत नाही, आणि पूर्वीएवढ्याच वेगाने ते पाठवायचं तर मारणाऱ्याने जास्त जोर लावायला हवा. मे महिन्यापासून तो एकेका गटाला दीड किलो जास्त ओढत होता. जूनपासून माहिरा तो जोर आपल्या खांद्यातून काढत होती. आवटी मॅडम ज्या आठव्या हिश्शाचा हिशेब लावू शकत नव्हत्या, तो इथे फळीखाली लोंबत होता. काखेत कळसा आणि गावाला वळसा. त्याने मॅडमना बोल लावला, यंत्राला नावं ठेवली, आणि पोरगी जुलैपासून सांगत होती की जड लागतं.

त्याने मावशीच्या टिकल्या त्या ताणलेल्या गटाला लावून पाहिल्या. लाटेचा वेग जुन्या गटाएवढाच. सूर सारखा म्हणजे वेग सारखा. म्हणजे मावशीने रॅकेट तपासली असती तर तीही त्याच्यासारखीच फसली असती. पण मावशीने रॅकेट तपासली नव्हती. तिने मुलीचा खांदा तपासला होता. त्याच्या मनात एकदम आलं की आपण कधी हिच्या खांद्याला हातसुद्धा लावून पाहिला नाही. त्याला रडू आलं, आणि ते त्याने आवरलं नाही.

"माहिरा," त्याने हाक मारली. "इकडे ये, बेटा."

*

त्याने तिला दोन्ही गट दाखवले, वजनं चढवून उतरवून दाखवली. बोलून सांगण्यापेक्षा ते सोपं होतं. ती फळीजवळ उभी राहून बघत होती. शेवटी चढवलेली अर्ध्या किलोची तीन वजनं त्याने तिच्याच हातात दिली.

"हा भार तुझ्या खांद्यावर मी ठेवला. पाच महिने. तू सांगत होतीस आणि मी ऐकलं नाही."

माहिराने ती वजनं हातात तोलली.  मग म्हणाली, "म्हणजे माझा हात आळशी नव्हता."

"नव्हता."

"मग आज जुना गट घाला की. उद्या हलक्या रॅकेटने खेळते. बनात लावा आणि..."

"नाही."

"अब्बा, गट बदलला की झालं ना. कारण सापडलं ना."

"कारण सापडलं. पण खांदा आवळलाय तो आवळलेलाच आहे. त्याच्यावर बनात घालून तुला मी उद्या पाठवू? एकदा न ऐकून केलं ते केलं. आता ऐकू येत असताना कसं करू?"

ती रागावून आत निघून गेली. चूक त्याची, आणि भोगायची तिने, हे तिला कबूल नव्हतं, आणि त्याला तिचं म्हणणं खोडता येत नव्हतं. पाच मिनिटांनी ती बाहेर आली तेव्हा तिने चपला घातल्या होत्या.

"मॅडमकडे जायचं असेल तर आत्ताच जाऊ," ती म्हणाली. "मी येते. त्यांना तुमच्या तोंडून ऐकू दे."

आवटी मॅडम हॉलमध्ये लहान मुलांची तुकडी संपवत होत्या. दस्तगीरने सगळं सांगितलं. गटाचं सांगितलं, जुलैतलं सांगितलं, आणि नाही सांगितलं असतं तरी चाललं असतं असं बनातीचंही सांगून टाकलं. खिशातून तो कातरलेला तुकडा काढून त्याने बाकावर ठेवला.

"गुरुवारी मी तुम्हाला बोललो ते माफ करा," तो म्हणाला.

मॅडमनी तुकडा उचलून बोटांत धरला. "चाललं असतं का हे?"

"चाललं असतं."

"वाटलंच." त्यांनी तो परत ठेवला, आणि मग उजवा हात वर उचलला. हात कानापर्यंत गेला आणि तिथेच थांबला. "मी सतरा वर्षांची होते तेव्हा ही बंडी नव्हती. मला सगळे म्हणायचे, मार, दुखलं तर बर्फ लाव आणि मार. मी मारलं. राज्याकडून दोन वर्षं खेळले. आज मला स्वतःचे केस बांधता येत नाहीत, दस्तगीरभाई. आई होती तोवर तिने बांधले, आता कापूनच टाकलेत. मला कुणी थांबवलं असतं तर मी त्याला जन्मभर शिव्या दिल्या असत्या, आणि त्या शिव्यांसकट तो मला हवा होता."

मग त्या माहिराकडे वळल्या. "आणि तुझी माफी मी मागायला हवी. आकडा बरोबर होता. त्याचा अर्थ मी चुकीचा लावला. तू खोटं बोलतेस असं बंडीने नव्हतं सांगितलं, ते माझं मीच ठरवलं."

माहिरा रडली ती तेव्हा. मॅडमनी डाव्या हाताने तिला जवळ घेतलं.

*

रविवारी सांगलीला चाचणी झाली आणि माहिरा प्रेक्षकांत बसली. तिने ज्या मुलीला तीनदा हरवलं होतं ती संघात गेली. हे दुखायचं ते दुखलंच, आणि त्यावर कुणी फुंकर घालायचा प्रयत्न केला नाही. पुढच्या वर्षी एकदा, सतरा वर्षांखाली शेवटची, अशी एक संधी उरली होती.

मग सहा आठवडे घरात खांद्याचं राज्य आलं. कुशीवर झोपायचं, उजवा हात समोर काटकोनात ठेवायचा आणि डाव्या हाताने तो हळूहळू जमिनीकडे दाबायचा. तीस मोजायचे, पाच वेळा. मग दाराच्या कडीला रबरी पट्टा बांधून हात बाहेरच्या बाजूला ओढायचा, मागच्या थकलेल्या स्नायूंसाठी. रेहाना पोळ्या लाटता लाटता मोजायची आणि मुद्दाम अठ्ठावीसवरून पुन्हा पंचवीसवर यायची. माहिरा ओरडायची, मग हसायची. एका सकाळी दस्तगीर तिच्याजवळ बसला आणि म्हणाला, "बेटा, हात लावून बघू?" तिने खांदा पुढे केला. मागच्या बाजूला, पाख्याच्या हाडापाशी, ताठरलेली जागा त्याच्या बोटाला लागली. रोज सकाळी तो ती जागा बघायला लागला. ती हळूहळू सैल होत गेली, आणि मावशीचे आकडेही तेच सांगत होते. तेराचे नऊ झाले, नवाचे पाच. दिवा पिवळा झाला तेव्हा रेहानाने शेवयांची खीर केली. हिरवा झाला त्या दिवशी आवटी मॅडम स्वतः घरी सांगायला आल्या आणि दोन वाट्या खीर खाऊन गेल्या.

त्या संध्याकाळी माहिराने आपली रॅकेट आणून कामाच्या फळीवर ठेवली.

"गटिंग करा."

"हॉलमधल्या यंत्रावर करून घे," दस्तगीर म्हणाला. "आकडा दिसतो त्यावर."

"मला तुमच्याकडूनच हवं. वजनं लावा, मग छेडा. आणि मी सांगेन ते ऐका."

त्याने जुना, बारीक गट आणून ठेवला होताच. प्रत्येक ओढीला त्याने बारा किलो लावले, मग छेडलं, मग तिच्याकडे पाहिलं. ती मान हलवायची तेव्हाच गाठ मारायचा. काम संपल्यावर त्याने मुठीच्या बुडाचं झाकण काढलं. मूठ आतून पोकळ होती. कागदाच्या एका चिठोऱ्यावर त्याने पेन्सिलीने काहीतरी लिहिलं आणि ते आत सरकवू लागला.

"भोपळ्यात लिहितात तसं?" माहिराने विचारलं. "कुणाचं नाव? मावशीचं?"

"तिचे उपकार आहेतच. पण ती ऑक्टोबरात बोलली. तिच्या आधी जुलैत एकजण बोललं होतं."

माहिराने त्याच्या हातातून चिठोरं घेतलं. त्यावर तिचं नाव होतं.  मग तिने फळीवरची पेन्सिल उचलली आणि खाली 'मावशी' असं लिहिलं. त्याच्या खाली 'आवटी मॅडम' लिहिलं. दस्तगीर हसून हात पुढे करणार, तेवढ्यात तिने आणखी एक ओळ लिहिली आणि चिठ्ठी त्याच्यासमोर धरली.

चौथं नाव होतं 'अब्बा'.

"हे चालत नाही," तो म्हणाला. "घडवणाऱ्याचं नाव कधी लिहीत नाहीत. तीन पिढ्यांत कुणी लिहिलेलं नाही."

"ज्याने चूक दाखवली त्याचं लिहितात ना?" माहिरा म्हणाली. "मला तर तुम्हीच दाखवलीत. बनात लावली असती तर कुणालाच कळलं नसतं."

 माहिराने चिठोऱ्याची बारीक घडी केली, मुठीत सरकवली, आणि झाकण अंगठ्याने दाबून बसवलं. मग तिने रॅकेट कानाशी धरून बोटाने छेडली. सूर नेहमीचाच होता, तोच सा, पण नुसत्या सुरावर आता दस्तगीरचा भरवसा उरला नव्हता. त्याने न राहवून वजनाकडे पाहिलं. बारा किलोच होते.

"बरोबर लागलाय?" त्याने विचारलं.

माहिराने हात वर नेऊन एक फटका हवेत मारला, खांदा गोल फिरवला आणि परत खाली आणला.

"हलकी लागते," ती म्हणाली, आणि या वेळी दस्तगीरने रॅकेट छेडून बघितली नाही.